वाचकांचे प्रश्न : चकती, गादी आणि तबकडी

प्रश्न : मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत नववीला विज्ञान शिकवते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मुलांना कासच्या रस्त्यावर, गावातले दिवे आड जातील अशा जागी नेऊन दुर्बिणीतून शनी दाखवला. कडे म्हणावे तर एक सुईसारखी रेघच दिसली. परतताना एका मुलीने विचारले, की शनीचे कडे चपटे, आकाशगंगा चपटी, आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या आणि संगणकातली डिस्कही चपटी, तर निसर्गाला चकतीच का आवडते? या सर्वांमागे एकच नियम आहे का? मला तिला नीट उत्तर देता आले नाही.
एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला इतका आवडला, की या महिन्याचे सदर मी त्यालाच आणि त्याच्या शेजारी बसतील अशा आणखी काही प्रश्नांना देत आहे.

नियम एकच नाही. डॉक्टर, संगणक दुरुस्त करणारा, गॅरेजमधला मिस्त्री आणि आकाशाचा अभ्यासक हे चौघेही डिस्क हा एकच शब्द वापरतात, आणि त्यामुळे या साऱ्या वस्तू एकाच कुळातल्या असाव्यात असे वाटू लागते. मराठीने मात्र त्यांना वेगवेगळी नावे दिली आहेत. कण्यात असते ती गादी, गाण्याची ती तबकडी, शनीभोवती असते ते कडे आणि यंत्रातली पातळ गोल वस्तू ती चकती. गादी म्हटले की ती दाब सोसते हे कळते, तबकडी म्हटले की तिच्यावर काहीतरी मांडलेले आहे हे कळते. आकार सारखा असला तरी तो का आला हे प्रत्येक ठिकाणी वेगळे विचारावे लागते, आणि विद्यार्थिनीला उत्तर देताना सुरुवात इथूनच करावी असे मला वाटते.

सर्वांत मोठ्या चकत्या आकाशात आहेत, आणि तिथले कारण फिरणे हे आहे. सूर्य आणि त्याचे ग्रह सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धूळ यांच्या एका प्रचंड ढगातून तयार झाले. तो ढग अगदी संथपणे स्वतःभोवती फिरत होता आणि स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसत होता. मंगळागौरीला मुली फुगडी खेळतात तेव्हा हात ताणून मागे झुकल्या की गिरकी संथ असते आणि जवळ येऊन ताठ झाल्या की तीच गिरकी एकदम वेगवान होते. फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग, म्हणजे वस्तुमान, वेग आणि अक्षापासूनचे अंतर यांचा गुणाकार, बाहेरून कोणी बदलल्याशिवाय बदलत नाही, म्हणून पसारा आवळला की वेग वाढतो. ढगाचेही तसेच झाले. मात्र वेग वाढला की आणखी आत ओढले जाणे अवघड होते, आणि ही अडचण फक्त फिरण्याच्या अक्षाकडे सरकताना येते. अक्षाला समांतर, म्हणजे वरून खाली किंवा खालून वर, पडायला कोणतीच आडकाठी नसते. म्हणून ढग रुंदीने थोडा आणि उंचीने फार आकसला.

इथे एक बारकावा आहे, जो पाठ्यपुस्तकांत बहुधा निसटतो. वरून पडलेला कण मधल्या पातळीवर थांबेल कशाला? तो तसाच खाली निघून जाईल आणि पुन्हा वर येईल. तो थांबतो तो टकरीमुळे. वरून येणारा आणि खालून येणारा कण एकमेकांवर आदळले, की त्यांची वर-खाली होण्याची गती उष्णतेत बदलते आणि ती उष्णता अवकाशात निघून जाते. फिरण्याची गती मात्र दोघांचीही एकाच दिशेने असल्यामुळे टकरीत नष्ट होत नाही. लोणंद-फलटणच्या वाटेवर माउलींच्या पालखीच्या गर्दीत आडवे जाऊ पाहणाऱ्याला धक्के बसतात आणि शेवटी तोही प्रवाहाबरोबर चालू लागतो, तसेच हे आहे. चकती व्हायला फिरणे हवे आणि टकराही हव्यात.

टकरा नसतील तर काय होते, हेही आकाशातच दिसते. ज्या दीर्घिकांत वायू जवळजवळ उरलेला नाही, नुसते तारेच आहेत, त्यांतल्या बहुतेक लंबगोल आहेत, कारण तारे एकमेकांवर आदळत नाहीत. सूर्य तीन सेंटीमीटरच्या कंदी पेढ्याएवढा धरला तर सर्वांत जवळचा तारा सुमारे साडेआठशे किलोमीटरवर येतो. एवढ्या अंतरावरचे दोन पेढे एकमेकांना भेटणार कसे? आपली आकाशगंगा चपटी आहे, कारण तिच्यातला वायू तारे होण्यापूर्वीच चकतीत बसला होता आणि तारे त्या चकतीत जन्मले. तिची रुंदी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे आणि ताऱ्यांच्या मुख्य थराची जाडी सुमारे एक हजार प्रकाशवर्षे, म्हणजे शंभरास एक. वर्गात दाखवायला याहून सोपी प्रतिकृती नाही : गाण्याची सीडी १२० मिलीमीटर रुंद आणि १.२ मिलीमीटर जाड असते. मुलांच्या हाती एक जुनी सीडी द्या आणि हे आकाशगंगेचे अचूक प्रमाण आहे असे सांगा.

ग्रहमाला अशा फिरत्या ढगातून झाली असावी ही कल्पना इमान्युएल कांट यांनी १७५५ मध्ये मांडली आणि १७९६ मध्ये लाप्लास यांनी तिला रूप दिले. त्यांच्या हाती पुरावा एवढाच होता, की सारे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. आठ ग्रहांपैकी पृथ्वीच्या कक्षेशी सर्वाधिक कललेली कक्षा बुधाची, आणि तिचा कल फक्त ७ अंशांचा. अशी चकती तपशिलांसह स्वच्छ दिसायला मात्र २०१४ साल उजाडले. चिलीच्या वाळवंटातल्या आल्मा या दुर्बीणसमूहाने एचएल टौरी या सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूरच्या, अगदी तरुण ताऱ्याचे चित्र घेतले, तेव्हा त्याच्याभोवतीची धुळीची चकती आणि तिच्यातल्या काळ्या गोल फटी इतक्या स्वच्छ दिसल्या, की जणू एखादी तबकडीच तिरपी धरली आहे. त्या फटींच्या जागी ग्रह घडत असावेत असे मानतात. दोन शतकांपूर्वी केवळ तर्काने बांधलेली गोष्ट डोळ्यांनी दिसावी, असे भाग्य फार थोड्या सिद्धान्तांना लाभते.

शनीचे कडे या सर्वांहून पातळ आहे. दुर्बिणीतून दिसणाऱ्या मुख्य कड्यांचा व्यास सुमारे २ लाख ८० हजार किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी सुमारे १० मीटर. साताऱ्यापासून वाईपर्यंत, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, पोचेल एवढी रुंद चकती केली, तर याच प्रमाणात तिची जाडी सव्वा मिलीमीटर येईल, म्हणजे पुन्हा एका सीडीएवढी. हे कडे एकसंध नाही. ते एकसंध असते तर टिकलेच नसते आणि म्हणून ते असंख्य सुट्या तुकड्यांचेच असले पाहिजे, हे मॅक्सवेल यांनी १८५९ मध्ये गणिताने दाखवले. हे तुकडे मुख्यतः पाण्याच्या बर्फाचे आहेत, आणि त्यांच्या अखंड हळुवार टकरांमुळेच कडे एवढे चपटे राहते.

आता सुईसारख्या रेघेबद्दल. पृथ्वीवरून पाहताना शनीचे कडे साधारण दर १५ वर्षांनी आपल्याकडे नेमकी कड करते. २०२५ च्या मार्चमध्ये तसे झाले आणि त्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा जवळजवळ कडेनेच दिसत होते. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी पाहिले आणि १६१२ मध्ये ते नाहीसे झालेले पाहून तो गोंधळला. हे चपटे कडे आहे, हे हॉयगेन्स यांनी १६५९ मध्ये जाहीर केले. आपल्या मुलांनी जे पाहिले त्यानेच गॅलिलिओला कोड्यात टाकले होते, हे त्यांना अवश्य सांगा. २०३२ च्या सुमारास कडे पुरते उघडलेले दिसेल, त्यानंतरची रेघ २०३८-३९ मध्ये.

तांबड्या पेशी फिरतात म्हणून चपट्या झालेल्या नाहीत. त्यांचे कारण पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : मी सांगलीत एका रक्त तपासणी प्रयोगशाळेत काम करते. तांबडी पेशी मध्ये खोलगट का असते आणि ईएसआर या, रक्तातल्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात हे मोजणाऱ्या चाचणीचा पेशीच्या आकाराशी काही संबंध आहे का, असे मला शिकाऊ मुले विचारतात.
एक तंत्रज्ञ, सांगली

उत्तर : संबंध आहे, आणि तो फार सुंदर आहे. पण आधी आकार पाहू. तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते, कडेला सुमारे २ मायक्रोमीटर जाड आणि मध्ये सुमारे एकच. पुस्तकातले चित्र पाहून अनेकांना तिला मेदूवड्यासारखे आरपार भोक असावे असे वाटते. तसे नसते, दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखी ती असते.

या पेशीचे आकारमान सुमारे ९० घन मायक्रोमीटर असते. एवढ्याच आकारमानाचा गोळा केला तर त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ९७ चौरस मायक्रोमीटर भरते. प्रत्यक्ष पेशीचे ते १३५ ते १४० असते. म्हणजे पोटात जेवढे सामान आहे त्याला लागते त्याच्या जवळजवळ दीडपट कातडे तिच्याकडे आहे. याचा पहिला फायदा ऑक्सिजनच्या देवघेवीत होतो, कारण आतल्या हिमोग्लोबिनचा कोणताही कण पृष्ठभागापासून सुमारे एका मायक्रोमीटरच्या आतच राहतो. दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. तुडुंब भरलेले पोते वाकत नाही, पण अर्धे भरलेले पोते हवे तसे वळते आणि अरुंद दारातूनही ओढून नेता येते. तांबडी पेशी हे मुद्दाम सैल ठेवलेले पोते आहे. तिच्याहून अरुंद केशवाहिन्यांतून ती दुमडून जाते, आणि प्लीहेत, म्हणजे पानथरीत, तर तिला एक मायक्रोमीटरच्या आसपासच्या फटींतून पिळून जावे लागते. काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे पेशींचे जादा कातडे गळून जाते आणि त्या गोल होतात. गोल पेशी ऑक्सिजन वाहू शकते, तिला फक्त वाकता येत नाही. तेवढ्यानेच पानथरी तिला अडवते, नष्ट करते, आणि रुग्णाला रक्तक्षय आणि कावीळ होते. चपटेपणा इथे जगण्याची अट आहे.

हा आकार टिकवायला पेशीच्या आवरणाखाली स्पेक्ट्रिन या प्रथिनाची लवचीक जाळी असते. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते. पक्षी, बेडूक आणि मासे यांच्या पेशींत ते असते, आणि त्या पेशी लंबगोल असतात. उंट सस्तन असूनही त्याच्या पेशी लंबगोल आहेत. आपल्या शरीरात अशा सुमारे २५ लाख कोटी चकत्या आहेत, आणि प्रत्येकीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे.

आता ईएसआर. चपट्या गोल वस्तू एकमेकींवर रचता येतात. रुपयांची जशी चळत लागते तशी तांबड्या पेशींचीही लागते. एरवी पेशींच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार त्यांना एकमेकींपासून दूर ठेवतो. शरीरात कुठे दाह असेल, क्षयासारखा जुना संसर्ग असेल, तर रक्तातले फायब्रिनोजेन आणि काही इतर प्रथिने वाढतात, हा दुरावा कमी होतो आणि चळती लागू लागतात. एकटी पेशी संथ बुडते, चळत जड असल्यामुळे भरभर बुडते. आपण उभ्या नळीत एका तासात किती मिलीमीटर थर खाली गेला हे मोजता, तेव्हा वास्तविक चकत्यांच्या चळती किती लागल्या हेच मोजत असता. म्हणूनच सिकलसेलच्या रुग्णात, जिथे पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि चळत लागत नाही, दाह असूनही ईएसआर कमी दिसू शकतो. शिकाऊ मुलांना हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा. चळत पाहिलेला विद्यार्थी ही चाचणी विसरणार नाही.

प्रश्न : आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. वडिलांच्या कमरेतली गादी सरकली आहे असे डॉक्टरांनी सांगितले. गावातले काही लोक म्हणतात, की जाणकाराकडून चोळून ती पुन्हा जागेवर बसवता येते. हे खरे आहे का?
एक वाचक, तासगाव

उत्तर : गादी सरकली असे आपण म्हणतो, पण ती जागची हलत नाही. दोन मणक्यांच्या मधली ही चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिच्या मध्यभागी पाण्याने भरलेला, घट्ट मुरंब्यासारखा गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंचे अनेक थर असतात. एका थरातले तंतू एका तिरप्या दिशेने, पुढच्या थरातले उलट्या तिरप्या दिशेने, जणू बाजेची वीण. वजन पडले की गर सर्व बाजूंना सारखा दाबला जातो आणि कडेची वीण तो दाब सोसते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही वीण कुठेतरी फाटून गर बाहेर आला असणार आणि तो शेजारच्या नसेवर टेकला असणार. पायात कळ उतरते ती त्यामुळे. बाहेर आलेला गर चोळून आत जात नाही, आणि जोराने दाबल्याने दुखापत वाढू शकते. तो प्रकार करू नका.

धीर देणारी गोष्ट अशी, की बहुतेक रुग्णांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो, आणि बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलता येईनासे झाले, तर एक दिवसही न थांबता मोठ्या रुग्णालयात न्या.

कण्यात अशा २३ गाद्या असतात आणि कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा त्यांचा असतो. प्रौढ वयात त्यांच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. दिवसभराच्या भाराने त्यांतले थोडे पाणी बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत येते, आणि पोषणही असेच झिरपून मिळते. त्यामुळे माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटीमीटर उंच असतो. उठल्या उठल्या गाद्या पाण्याने फुगलेल्या असतात, म्हणून बागेतले जड काम त्या वेळी वाकून करू नये. वजन उचलण्याचे गणितही वडिलांना समजावून सांगा. पाठीचे स्नायू गादीच्या मध्यापासून मागे सुमारे ५ सेंटीमीटरवर ओढतात. २० किलोचा क्रेट गादीच्या मध्यापासून ४० सेंटीमीटर पुढे धरला, तर तो तोलायला स्नायूंना सुमारे १६० किलोची ओढ द्यावी लागते, आणि ती सगळी गादीवर पडते. तोच क्रेट २० सेंटीमीटरवर, पोटाशी धरला तर ती ८० किलो होते. क्रेट तोच, कष्ट तेच, गादीवर पडणारी स्नायूंची ओढ मात्र निम्मी. शेतात राबणाऱ्या प्रत्येक घरात हे गणित माहीत असायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

प्रश्न : मिरजेतल्या आमच्या घरी आजोबांनी जपलेल्या जुन्या तबकड्या आहेत, त्यांत अब्दुल करीम खाँ यांच्याही आहेत. ध्वनिमुद्रण आधी नळकांड्यांवर होत असे, असे वाचले. मग तबकडीच का टिकली? आणि सीडी आतून बाहेर वाजते, हे खरे का?
एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या घरात ठेवा आहे, त्या तबकड्या उभ्या ठेवा आणि उन्हापासून जपा.

एडिसन यांनी १८७७ मध्ये आवाज टिपला तो नळकांड्यावर. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये चपट्या तबकडीचे पेटंट घेतले. वाजवण्याच्या दृष्टीने नळकांडे खरे तर सरस होते, कारण त्याच्यावर सुई सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने चालते. तबकडीत तसे होत नाही : मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर कडेच्या खाचेत सुई सेकंदाला जवळजवळ एक मीटर धावते आणि आतल्या शेवटच्या खाचांत त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून गाण्याचा शेवट थोडा मंद आणि खरखरीत ऐकू येतो. तरीही तबकडी जिंकली ती साच्यामुळे. चपटी वस्तू धातूच्या ठशाखाली दाबून एकामागून एक हजारो काढता येतात, नळकांड्याच्या तशा प्रती काढणे जिकिरीचे होते. मिरजेत राहिलेल्या, १९३७ मध्ये निवर्तलेल्या खाँसाहेबांचा आवाज आज घरोघर ऐकता येतो, तो या ठशामुळे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे एवढीच जागा असे, आणि तेवढ्यात रागाचे रूप उभे करायचे म्हणजे गायकाची केवढी परीक्षा, याचा विचार त्या तबकड्या ऐकताना माझ्या मनात नेहमी येतो.

सीडी आतून बाहेर वाजते हे खरे आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने वेगाचा जुना दोष काढून टाकला : लेझर आत असताना ती मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि कडेला येईपर्यंत फेऱ्या सुमारे २०० वर उतरतात, त्यामुळे लेझरखालून सरकणारी रेघ सतत एकाच वेगाने जाते. ही रेघ एकच, सर्पिल आणि सलग आहे. दोन वेढ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असते. ती उलगडली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल, म्हणजे मिरज ते सांगली अंतराच्या निम्मी.

तबकडीचा दुसरा गुण पुढे संगणकाने उचलला. तबकडी फिरते आणि सुई आत-बाहेर सरकते, एवढ्या दोन हालचालींनी तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूवर थेट पोचता येते. फितीसारखे सगळे गुंडाळत जावे लागत नाही. १९५६ मध्ये आयबीएमने पहिला डिस्कसाठा आणला, त्यात २४ इंची ५० चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या साडेतीन इंची हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेऱ्या होतात, म्हणजे चकतीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावते आणि वाचणारे टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. बहुतेक नव्या संगणकांच्या साठ्यात फिरणारे काहीच उरलेले नाही, तरी लोक त्या साठ्याला अजून डिस्कच म्हणतात.

प्रश्न : दुचाकीच्या डिस्क ब्रेकला भोके कशासाठी असतात?
एक वाहनचालक, कराड

उत्तर : ब्रेक लावला की गाडीची गती उष्णतेत बदलते, आणि ती उष्णता चकतीला हवेत टाकावी लागते. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी १२०० किलोची मोटार थांबवताना निघणारी उष्णता एक लिटर पाणी ५७ अंशांनी तापवायला पुरेल एवढी असते. उघडी चकती बंद ड्रमपेक्षा लवकर निवते. भोकांमुळे तिच्यावरचे पावसाचे पाणी आणि घासण्यातून निघालेला वायू यांना वाट मिळते आणि ती हलकीही होते. खंबाटकीसारखा घाट उतरताना मात्र कितीही चांगला ब्रेक असला तरी गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी.

प्रश्न : मी सातवीत आहे. चंद्र चेंडूसारखा गोल आहे असे शिकवतात, पण पौर्णिमेला तो भाकरीसारखा सपाट का दिसतो? चेंडूवर उजेड टाकला तर मध्ये उजळ आणि कडेला काळपट दिसतो.
एक विद्यार्थी, दहिवडी

उत्तर : तू चेंडू आणि चंद्र शेजारी ठेवून पाहिलेस, याबद्दल तुझी पाठ थोपटतो. तुझे निरीक्षण अचूक आहे. पौर्णिमेचा चंद्र कडेपर्यंत जवळजवळ सारखाच उजळ असतो, म्हणून डोळ्याला तो चकती वाटतो. सूर्याचे तसे नाही. आरशाने किंवा दुर्बिणीने कागदावर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेत कड स्पष्टपणे मंद असते. प्रतिमाच पाहायची, सूर्याकडे थेट पाहायचे नाही.

चंद्राचे कारण त्याच्या खडबडीत, धुळीने भरलेल्या जमिनीत आहे. चेंडू गुळगुळीत असतो, चंद्राची जमीन नांगरलेल्या रानासारखी आहे. प्रकाश तिरपा पडला की ढेकळांच्या सावल्या लांब पडतात आणि रान काळपट दिसते. पण सूर्य आपल्या पाठीमागे असेल तर प्रत्येक ढेकळाची सावली त्याच्याच मागे लपते आणि आपल्याला फक्त उजळलेल्या बाजू दिसतात. पौर्णिमेला सूर्य नेमका आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे चंद्राच्या कडेवरच्या सावल्याही लपतात आणि कड काळवंडत नाही. अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्मा उजेड देत नाही, सुमारे दहावा हिस्साच देतो, तेही मुख्यतः याच सावल्यांमुळे.

तुमच्या माणदेशात उन्हाळ्यात नांगरलेली राने भरपूर असतात. सकाळी ऊन कोवळे असताना बांधावर सूर्याकडे पाठ करून उभा राहा आणि स्वतःच्या डोक्याची सावली रानात जिथे पडते तिथली माती पाहा, मग डावीकडची आणि उजवीकडची पाहा. सावलीभोवतीची माती अधिक उजळ दिसेल. काय दिसले ते मला कळव.